निर्णयाचे पाच गुण

२२ जून १९८६, बसरा

सकाळी मासळीबाजारात इराणी तोफेचा गोळा पडला. मासा निवडून मी सुटे पैसे आणायला चाळीस पावलांवर गेलो होतो, म्हणून हे लिहितो आहे. उठून पाहिलं तर मासेवाल्याचा तराजू तसाच टांगलेला, एका पारड्यात मी निवडलेला मासा आणि दुसऱ्या पारड्यात त्याचा हात. बाकीचा मासेवाला कुठे दिसला नाही. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, दुसरं काय. मासा न घेताच घरी आलो.

पण आजचा दिवस त्यासाठी लिहून ठेवायचा नाही. आज माझ्या मुनाफचा शेवटचा पेपर झाला. वय वर्षं वीस, महिने तीन. त्याच्या वयाची गल्लीतली पोरं अजून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शत्त नदीच्या काठावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली आहेत, आणि हा इंजिनिअर झाला!

हे आपोआप झालेलं नाही. मी त्याला पाचव्या वर्षी शाळेत घातलं. चौथीत दोन इयत्तांची परीक्षा एकदम द्यायला लावली. त्या उन्हाळ्यात त्याच्या तळहातावर मी तीन पट्ट्या मोडल्या. एक सागवानी होती. नजीहा दाराबाहेर बसून रडायची. मी म्हणायचो, रड, हा वरिष्ठ अधिकारी होईल तेव्हा हसशील. सोळाव्या वर्षी पोरगा कॉलेजात गेला.

लोकांना यातलं गणित कळत नाही. दोन वर्षं आधी पदवी म्हणजे दोन वर्षं आधी नेमणूक. म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीत बरोबरीच्यांच्या दोन वर्षं पुढे, आणि ते अंतर निवृत्तीपर्यंत कुणी भरून काढू शकत नाही. पंचविशीत परदेशातून मोठी पदवी, तिशीत खातेप्रमुख. मी तीस वर्षं गणित शिकवतो आहे, हे गणित चुकायचं नाही.

राहिली लष्कराची सक्तीची नोकरी. शिक्षण संपलं की ती तर सगळ्यांनाच आहे. शेजारचा रफीक शिहाब सत्ताधारी पक्षाचा माणूस, त्याला आतलं कळतं. तो म्हणाला, "उस्ताद झामिल, इंजिनिअरच्या हातात बंदूक देईल का कुणी? मागे बसून पूल बांधेल तो, पूल!" बरं वाटलं.

१९ जुलै

नापास. बाकी सगळ्या विषयांत ऐंशीच्या वर, आणि पूलबांधणीत अडतीस! पास व्हायला पन्नास लागतात.

कागद वाचला आणि मी त्याला मारलं. आधी हाताने, मग कमरेच्या पट्ट्याने. वीस वर्षांचा घोडा, माझ्यापेक्षा वीतभर उंच, मनात आणलं असतं तर माझा हात पिरगाळला असता. पण भिंतीला टेकून उभा राहिला आणि मार खाल्ला. पट्ट्याचं बक्कल कपाळाला लागलं, भुवईवरून रक्त आलं. ते पुसून म्हणाला, "झालं, बाबा? तुमचा खांदा दुखतोय ना, बसा आता."

त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, ते मला जास्त लागलं. सप्टेंबरात दुसऱ्या फेरीची परीक्षा आहे. आता मी स्वतः शिकवणार.

३ ऑगस्ट

काहीतरी गौडबंगाल आहे. मी त्याला पूलबांधणीची बारा उदाहरणं घातली. बाराही त्याने चहाचा पेला संपायच्या आत सोडवली. तेराव्यात मीच चिन्ह चुकलो होतो, ते त्याने हळूच दुरुस्त केलं. या पोराला अडतीस?

माझा संशय प्राध्यापकावर आहे. खुन्नस असणार. लहान वयात पुढे गेलेलं पोर लोकांच्या डोळ्यांत खुपतंच.

जेवताना नजीहा म्हणाली, "पुन्हा नापास झाला तर होऊ दे. एक वर्ष नापास झालेलं चालतं ना? पुढच्या वर्षीही नापास झाला तरच काढून टाकतात. एका वर्षाने काय आभाळ कोसळतंय?"

"एका वर्षानेच कोसळतं," मी म्हणालो. "तुला यातलं काय कळतं?"

"मला काहीच कळत नाही, अबू मुनाफ," ती म्हणाली आणि पोराच्या ताटात आणखी भात वाढला. मुनाफ खाली बघून जेवत होता. ही दोघं हल्ली स्वयंपाकघरात फार कुजबुजतात. मी गेलो की भांडी घासायचा आवाज सुरू होतो.

१७ ऑगस्ट

आज दुपारी शाळेमागच्या मोकळ्या मैदानात सगळ्या गल्लीला बोलावलं होतं. शिक्षकांची हजेरीच घेतली. आमच्या ओळीतली चार घरं सोडून राहणाऱ्या शिंपिणीचा मुलगा आघाडीवरून पळून आला होता, पाण्याच्या टाकीत लपला होता. कुणीतरी सांगितलं.

त्याला खांबाला बांधलं. डोळ्यांवर पट्टी बांधायला गेले तर तो म्हणाला, "आई कुठे उभी आहे तेवढं बघू द्या." बघू दिलं नाही. सहा जणांनी गोळ्या झाडल्या. पहिल्या फेरीत मेला नाही, गुडघ्यावर लोंबकळत श्वास घेत राहिला. मग रफीक शिहाब पुढे गेला आणि त्याने कानामागे पिस्तूल लावलं. खाली रक्त साचलं आणि एक मांजर तिथे आलं, त्याला कुणी हाकललं नाही. नंतर टाळ्या वाजवायला सांगितल्या. मी वाजवल्या. सुतक पाळायचं नाही, दार उघडं ठेवायचं, असा शिंपिणीला हुकूम आहे.

मुनाफ भिंतीआड जाऊन ओकला. परत येताना रफीक शिहाबने त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय इंजिनिअर, पोट कच्चं दिसतंय! पेपर का बरं राहिला तुझा? हल्ली फार पोरांचे पेपर राहतात. आम्ही याद्या काढायला घेतल्यात."

मी म्हणालो, "माझा पोरगा त्यांतला नाही, रफीक. सप्टेंबरात बघा."

"बघू की," तो म्हणाला.

मला शिंपिणीच्या पोराची दया येते. शिकला असता तर ही वेळ आली नसती.

२८ सप्टेंबर

दुसऱ्या फेरीचा निकाल. पंचेचाळीस.

म्हणजे पाच कमी! कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि मला हसूच आलं, कारण पाच गुणांची सोय सरकारनेच करून ठेवली आहे. खात्याच्या निर्णयाने मिळतात म्हणून सगळे त्यांना 'निर्णयाचे गुण' म्हणतात. एकाच विषयात पाचपर्यंत कमी पडले, तर विभागप्रमुखाने सही करायची की पोरगा पास. फक्त अर्ज लागतो. मुनाफला विचारलं, अर्ज केलास का? म्हणाला, "विसरलो." विसरला! बुद्धी आहे, पण व्यवहार शून्य. बापच लागतो.

तडक कॉलेजात गेलो. विभागप्रमुख डॉक्टर गझवान माझाच जुना विद्यार्थी. मला बघून उठून उभा राहिला, चहा मागवला. मी काम सांगितलं तसा त्याने उठून दार लावलं.

"उस्ताद, मुलाशी बोललात का?"

"त्याला काय विचारायचं? पोरांना विचारून संसार चालतात का?"

"एक वर्ष तसं काही वाईट नसतं," तो फार हळू म्हणाला. "वर्षभरात पुष्कळ काही होतं. कदाचित सगळं संपेलही. तुम्ही घरी जा, शांतपणे त्याच्याशी बोला. मग उद्या या."

मला राग आला. मी याला बीजगणित शिकवलं आणि हा मला घरी जा म्हणतो! मी उठलो, दार उघडलं आणि व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडलो, "माझ्या पोराला पाच गुण द्यायला तुझ्या बापाचं काय जातं? बारा उदाहरणं तोंडपाठ सोडवतो तो! असा पोरगा नापास होतोच कसा? मुद्दाम झाला म्हणायचंय का तुला? मुद्दाम?"

गझवानचा चेहरा पांढरा पडला. व्हरांड्यात कारकून थांबले होते आणि पक्षाच्या विद्यार्थी संघाचा खाकी कपड्यांतला माणूसही वळून बघत होता. गझवानने कागद ओढला आणि सही केली. शरमला असणार. आवाज चढवल्याशिवाय या देशात काम होत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

येताना बकलावा मिठाईचं मोठं तबक आणलं. दारातूनच ओरडलो, "मुनाफ पास! मी पास करून आणला!"

नजीहाने तबक हातात घेतलं आणि माझ्या तोंडावर मारलं. पितळी तबक. नाकाचं हाड मोडलं असावं, अजून रक्त थांबत नाही. दुसऱ्यांदा उगारलं तेव्हा मुनाफने तिचे दोन्ही हात धरले. ती ओरडत होती, "झामिल! झामिल!" लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिने आजवर मला नुसत्या नावाने हाक मारली नव्हती; अबू मुनाफ, म्हणजे मुनाफचा बाप, असंच म्हणायची.

"युम्मा, बास," तो आईला म्हणाला. "भिंतीपलीकडे ऐकू जातं. बास. बाबांचं अभिनंदन कर."

मग तो माझ्याकडे आला, वाकून माझ्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "तुमचे उपकार झाले, बाबा."

बायकांना पोरगं पदराखालीच हवं असतं. मी रागावलो नाही. तिला कळेल पुढे.

२१ ऑक्टोबर

गेला. पदवीचा कागद हातात पडून सोळा दिवस झाले होते, तेवढ्यात बोलावणं आलं. तीन महिन्यांचं प्रशिक्षण. मी हिशोब केला: आत्ता गेला म्हणजे बरोबरीच्यांच्या दोन वर्षं आधी सुटेल. लष्करातही आपण पुढेच.

नजीहा माझ्याशी बोलत नाही. जेवण ठेवते आणि उठते.

१६ जानेवारी १९८७

आठ दिवस झाले, गोळे थांबलेले नाहीत. बसऱ्याच्या पूर्वेला इराणी चाल करून आले आहेत. आमच्या शाळेच्या छतावर दोन पडले. बरं झालं, सुट्टी होती. पहारेकरी मात्र आत होता. त्याला आम्ही चादरीत गोळा करून नेलं, आणि चादर हलकी होती. अर्धी गल्ली उत्तरेला पळाली. नजीहा म्हणते, मुनाफ आला आणि दार बंद दिसलं तर?

आणि आज तो आला. एका तासासाठी, मालमोटारीवर बसून, डोक्यापासून पायापर्यंत चिखल. प्रशिक्षण संपायच्या आधीच सगळ्यांना पुढे पाठवलं आहे. आईने त्याचे बूट काढले तर पायाची कातडी बुटाबरोबर आली. त्याने साधं हुं केलं नाही.

मी विचारलं, "पण तुला पुलाचंच काम दिलंय ना?"

"हो, बाबा. तळ्याच्या पाण्यातून रस्ता करतो आम्ही. गाड्या जायला."

"कशाने भरता? वाळूच्या पोत्यांनी?"

"पोती पहिल्याच दिवशी संपली."

"मग?"

"जे जवळ पडलेलं असतं त्याने," तो म्हणाला. "दोन्हीकडचे असतात. भरपूर आहेत."

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी विषय बदलला आणि म्हणालो, हे संपलं की नेमणुकीचा अर्ज पहिल्या दिवशी टाकायचा. तो हसला. जाताना त्याने मला मिठी मारली, लहानपणी पट्ट्या खाऊन झाल्यावर मारायचा तशी, घट्ट. "बाबा," म्हणाला, "आमच्या तुकडीत सगळ्यांत लहान मीच आहे."

मला अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू, वाटला.

९ फेब्रुवारी

टॅक्सीच्या टपावर बांधून आणला. झेंडा पेटीपेक्षा तोकडा होता.

रफीक शिहाबने आकाशात गोळ्या झाडल्या आणि नजीहाला म्हणाला, "रडायचं नाही. हुतात्म्याच्या आईने आनंदाची ललकारी द्यायची." तिने दिली. तसला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता आणि आता तो कानातून जात नाही.

पेटी उघडू नका म्हणाले. मी उघडली. मला खात्री हवी होती. चेहरा नव्हता. भुवईचा तेवढा तुकडा राहिला होता, त्यावर माझ्या बक्कलाचा व्रण होता. मी खात्री केली.

वय वर्षं वीस, महिने अकरा.

२४ फेब्रुवारी

आज नजीहा बोलली. दिवसा बोलली, तोफा चालू असताना, भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

"त्याला सगळा पेपर येत होता. दोन्ही वेळा. मी त्याला शपथ घातली होती की नापास हो."

मी उठून दार लावलं.

"कोरा ठेवला असता तर रफीक शिहाबच्या यादीत गेला असता. म्हणून त्याने मोजून उत्तरं लिहिली. पहिल्यांदा अडतीस केले, तर लोक म्हणाले एवढा हुशार पोरगा आणि अडतीस? म्हणून दुसऱ्यांदा पंचेचाळीस, आणि अर्ज करायचाच नाही. खरोखर प्रयत्न केला पण राहिला, असं दिसायला हवं होतं. किती बरोबर मोजलं बघा, अबू मुनाफ. तुमच्याकडूनच शिकला मोजायला."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही ओरडला असता. तुमच्या आवाजाला भिंत कुठे आहे?"

मी तिच्यासमोर स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. किती मारलं आठवत नाही. तिने हात धरला नाही, बघत बसली. हात दाखवून अवलक्षण असं म्हणतात, पण मी हात नाही दाखवला, पोरगा दिला. सगळ्या जगाला दिसत होतं. गझवानला दिसत होतं, त्याने दार लावून सांगितलं. मीच एकटा उंटावर बसून शहाणपणा करत होतो. मी मारला त्याला. इराणने नाही, मी. पाच गुणांनी.

१४ जून

दोन महिने उशिरा परीक्षा झाल्या, त्याही तळघरात. माझ्याकडे माध्यमिकच्या पाचवीचा वर्ग, म्हणजे शाळेचं शेवटून दुसरं वर्ष. बत्तीस पोरं. या वर्गाचा निकाल शाळेतच लागतो, बाहेरचा कुणी तपासत नाही, आणि दुसऱ्या फेरीचे पेपरही माझ्याच हाती.

तीस वर्षांत मी कुणाला एक गुण जास्त दिला नाही की कमी केला नाही. काल आणि आज मी बत्तीस पेपर घेऊन बसलो. ज्यांचं आधीच एक वर्ष गेलंय त्यांना हात लावता येत नाही, ती अजून एकदा राहिली की बाहेर, आणि बाहेर म्हणजे आघाडीवर. त्यांना पास केलं, दोघांना तर ओढून-ताणून. राहिलेल्यांत अकरा जण असे की ज्यांना एक वर्ष ठेवता येतं. हुशार सगळी. त्यांची बरोबर उत्तरं मी लाल शाईने खोडली. सगळ्यांना सारखे गुण देऊन भागणार नाही, हे मुनाफने दाखवून दिलं होतं. कुणाला एकेचाळीस, कुणाला छत्तीस, कुणाला अडतीस. पंचेचाळीस कुणालाच नाही.

पुढे वर्षभरात काय होणार मला ठाऊक नाही. गणित म्हणून विचाराल तर याला उत्तर नाही. पण एक वर्ष म्हणजे एक वर्ष.

मुख्याध्यापक म्हणाले, "उस्ताद झामिल, मुलगा गेल्यापासून तुम्ही फार कडक झालात." मी हो म्हणालो.

२० जून

निकाल लावला. दुपारी मिझहर घरी आला. युद्धाआधी बंदरावर माल उचलायच्या याऱ्या चालवायचा, हात खांबासारखे. त्याचा पोरगा वर्गात पहिला. तोही पाचव्या वर्षी शाळेत बसवलेला, एक इयत्ता उडी मारून आलेला, सोळा पुरी नाहीत. आता एकेचाळीस.

"का?" त्याने दारातच विचारलं. "उस्ताद, तुम्हीच तर सांगायचात ना, लवकर घाला, लवकर काढा, पोरगा दोन वर्षं पुढे राहतो! मी पोटाला चिमटा घेऊन केलं. आणि तुम्ही त्याचं वर्ष खाल्लंत!"

सांगावंसं फार वाटलं. पण रफीक शिहाब आपल्या दारात खुर्ची टाकून चहा पीत बसला होता आणि कान इकडेच होता. मी मोठ्याने म्हणालो, "तुझा पोरगा ढ आहे, मिझहर. गणित त्याच्या डोक्यात शिरत नाही. पुन्हा बसू दे."

पहिला ठोसा तोंडावर बसला, दोन दात गेले. मग मी खाली पडलो आणि त्याने लाथा घातल्या, पोटात, बरगडीत. एक बरगडी मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. "तुझा मेला म्हणून आमच्या पोरांवर सूड उगवतोस? जळतोस? जळतोस आमच्यावर?" प्रत्येक शब्दाला एक लाथ. रफीक शिहाब हसत होता आणि म्हणाला, "हळू रे, सरकारी शिक्षक आहे." नजीहा दारात उभी होती. तिने कुणालाच अडवलं नाही, पण ती माझ्याकडे बघत होती, आणि पोरगा गेल्यापासून तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

शेवटी मिझहर दमला आणि रडायला लागला. माझ्या सदऱ्याला धरून मला उठवलं. "बदल ते, उस्ताद. पाया पडतो तुझ्या. बदलणार की नाही?"

मी नाही म्हणालो.

आता नजीहाने बरगड्या फडक्याने आवळून दिल्या आहेत आणि शेजारी बसून लिंबाचा चहा गार करते आहे. श्वास घेताना दुखतं, म्हणून आज इतकंच. अजून दहा जणांचे बाप यायचे आहेत.